‘नेट झिरो’ला ‘शून्य उत्सर्जन’ म्हणावं का?

‘नेट झिरो’ला मराठीत सरळ ‘शून्य उत्सर्जन’ म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते नाही, कारण अर्थच बदलतो. शून्य उत्सर्जन म्हणजे हरितगृह वायू (कार्बन डायऑक्साइड, मिथेन असे पृथ्वी तापवणारे वायू) हवेत सोडणंच बंद. नेट झिरोमध्ये थोडं उत्सर्जन चालू राहतं, पण माणूस जेवढं सोडतो तेवढंच हवेतून काढूनही घेतो. वजाबाकी केली की बाकी शून्य.

हे ‘थोडं’ टाळता का येत नाही, ते सिमेंटच्या भट्टीत दिसतं. भट्टी सौरऊर्जेवर तापवली तरी चुनखडी भाजताना तिच्यातलाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भातखाचरांतून आणि गुरांच्या पोटातून येणारा मिथेनही पुरता थांबवता येत नाही.

‘निव्वळ शून्य उत्सर्जन’ हा पर्याय आता बराच दिसतो. ‘निव्वळ नफा’ मधला निव्वळ इथे अभिप्रेत आहे, वजा जाता उरलेला. पण ‘निव्वळ वेडेपणा’ असंही आपण म्हणतो आणि तिथे निव्वळ म्हणजे निखालस. शून्याच्या शेजारी बसवला की वाचक नेमका हाच अर्थ घेतो, ‘अगदी शून्य’! म्हणून ‘निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणणे’ असं लिहावं. विशेषण उत्सर्जनाचं आहे, त्यालाच लागू द्यावं.

वजाबाकीत काय धरायचं, हेही महत्त्वाचं. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याच्या आसपास समुद्र आणि जमीन आपसूक शोषतात. ते आपल्या खात्यात जमा होत नाही. माणसाने मुद्दाम केलेलं शोषणच मोजायचं, उदाहरणार्थ नवी वनं लावून. हवामान बदल रोखण्यासाठी झालेल्या 2015 च्या पॅरिस करारात ‘नेट झिरो’ हे शब्द नाहीत, पण चौथ्या कलमात मानवी उत्सर्जन आणि शोषण यांचा समतोल या शतकाच्या उत्तरार्धात साधायचं म्हटलं आहे.

एवढा आग्रह शून्याचाच का? कार्बन डायऑक्साइड हवेत शतकानुशतकं टिकतो आणि साचत जातो. उत्सर्जन निम्म्यावर आणलं तरी साठा वाढतच राहतो, तापमानही. फक्त वेग कमी होतो. औद्योगिकीकरणापूर्वीच्या तुलनेत झालेली तापमानवाढ 1.5 अंश सेल्सिअसवर रोखायची तर कार्बन डायऑक्साइडचं निव्वळ उत्सर्जन 2050 च्या सुमारास शून्यावर यायला हवं, असं आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीने, 2018 मध्ये सांगितलं.

हे वर्ष फक्त कार्बन डायऑक्साइडसाठी आहे. मिथेन, नायट्रस ऑक्साइड धरून सगळ्या हरितगृह वायूंची बेरीज शून्यावर यायला आणखी वेळ लागतो. त्यामुळे कुठलंही उद्दिष्ट लिहिताना कोणत्या वायूंचं, ते सोबत लिहावंच.