नेत्रावळीच्या रानातला पान नसलेला जांभळा दांडा

मृगाचा पाऊस पडून आठवडा झालेला, गोव्यातल्या नेत्रावळीत सावरी धबधब्याच्या वाटेवर पाचोळ्यातून वर आलेला एकटाच जांभळा दांडा, पान एकही नाही आणि जवळ गेल्यावर उंदीर मेल्यासारखा वास, असं तुम्ही लिहिलंय आणि ही वनस्पती कोणती ते विचारलंय. वर्णनावरून ती लूत वाटते. ठाणे-रायगडकडे हिलाच शेवळ म्हणतात. सुरणाची रानातली बहीण. तो वास माश्या आणि भुंगेऱ्यांना बोलावण्यासाठी असतो, तुमच्या-माझ्यासाठी नव्हे.

हिची गंमत अशी की फूल आधी येतं, पान मागाहून. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, आजी लुतीची भाजी करायची, म्हणजे कोवळे कोंब ताटात ओळखीचे. तरी रानात पहिल्यांदा फूल दिसलं तेव्हा काही कळलं नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा त्याच जागी गेलो, तर सापाच्या अंगावर असतात तसे ठिपके असलेला एक देठ आणि वर छत्रीसारखं, तीन फाट्यांत विभागलेलं एकच पान. तेव्हा डोक्यात उजेड पडला. म्हणून जागा लक्षात ठेवा आणि महिन्या-दीड महिन्याने परत जा.

सापकांदा नावाच्या दुसऱ्या रानकंदाशी घोटाळा होऊ शकतो. पण त्याच्या फुलावर नागाच्या फण्यासारखं झाकण असतं आणि पावसाळा सरता सरता मक्याच्या कणसासारखा लालभडक फळांचा झुपका लागतो. पोरांना तो खायचा मोह होतो, जपा.

पुढच्या वेळी नुसत्या फुलाचा फोटो काढू नका (सगळे तेच करतात). देठ, बुंधा, आजूबाजूची जमीन, पान असेल तर त्याची मागची बाजूही घ्या आणि मापासाठी शेजारी पेन ठेवा. मोबाइलवरची ॲपं सुरणाच्या कुळापर्यंत बरोबर नेतात, पुढे मात्र बिनधास्त चुकतात. मी आधी गावातल्या म्हाताऱ्यांना फोटो दाखवतो.

खायची का, असंही विचारलंय. फोटोवरून ओळखून तर मुळीच नको. तेऱ्यासारखीच (रानातल्या अळवासारखी) हीसुद्धा खाजरी. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशात टोचतात, म्हणून भाजीत चिंच किंवा आंबाडे (एक आंबट फळ) घालतात. एकदा आमच्याकडे आंबट कमी पडलं, तर रात्रभर सगळं घर खाकरत बसलं होतं. शिवाय नेत्रावळी अभयारण्य आहे, तिथून कोंबच काय, पानही तोडून आणू नका. लूत हवीच असेल तर पावसाळ्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रानभाज्या विकणाऱ्या बायकांकडे विचारून बघा, आणि शिजवायची कशी तेही त्यांनाच विचारा.