लिनक्स सर्व्हरची रॅम सतत भरते. कोणती प्रोसेस मेमरी खातेय हे कसं शोधायचं?

टर्मिनलवर टॉप ही कमांड चालवा आणि कॅपिटल एम दाबा. सगळ्या प्रोसेस मेमरीच्या उतरत्या क्रमाने लागतात आणि सर्वात जास्त खाणारी वर येते. आकडा मात्र 'आरईएस' या रकान्यातला वाचा, 'व्हीआयआरटी'मधला नको. व्हीआयआरटीमध्ये प्रोसेसने नुसती मागून ठेवलेली जागाही मोजली जाते, त्यामुळे जावाची साधी सर्व्हिससुद्धा तिथे कित्येक जीबी दाखवते. आरईएस म्हणजे आत्ता खरोखर रॅममध्ये असलेला भाग.

पण आरईएसची बेरीज करू नका. त्यात सामायिक मेमरीही धरलेली असते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या 20 प्रोसेस एकच शेअर्ड बफर वापरत असल्या, तरी त्याची वापरलेली पानं (मेमरीचे छोटे तुकडे) प्रत्येकीच्या खात्यात वेगळी पडतात आणि एकूण आकडा रॅमच्याही पुढे जाऊ शकतो. अशा वेळी स्मेम हे मेमरी मोजणारं टूल इन्स्टॉल करा आणि रूटने (अ‍ॅडमिन युजरने) चालवा, नाहीतर इतर युजरच्या प्रोसेस सुटतात. त्यातला 'पीएसएस' सामायिक पानं वापरणाऱ्यांत वाटून मोजतो, म्हणून त्याची बेरीज बिनधास्त करता येते.

आणि कृपा करून कुठलीही प्रोसेस मारण्याआधी फ्री ही कमांड देऊन 'अव्हेलेबल' रकाना बघा. 'फ्री' रकान्यातला आकडा कमी दिसणं साहजिक आहे, कारण रिकामी रॅम लिनक्स फाइल कॅशसाठी (वाचलेल्या फाइली हाताशी ठेवण्यासाठी) वापरतो आणि गरज पडली की त्यातली बरीचशी सोडतो. अव्हेलेबलही तळाला गेला असेल, तरच टंचाई खरी.