मुलीला फ्रीलान्स पत्रकार व्हायचंय, काय करू?

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी बीएएमएमसीच्या, म्हणजे माध्यमविषयक पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहे. कर्ट शॉर्क पुरस्कारांविषयी वाचल्यापासून ‘नोकरी करणार नाही, फ्रीलान्स पत्रकारिताच करणार’ म्हणते. तुम्ही मूळचे नवी मुंबईतल्या घणसोली गावातले, शहरासाठी जमीन गेलेले प्रकल्पग्रस्त. तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात अशी तुमची इच्छा. ‘पुरस्कारावर घर चालतं का?’ असं तुम्ही विचारलंय.

नाही चालत. शॉर्क रॉयटर्सचे बातमीदार होते, मे २००० मध्ये सिएरा लिओनमध्ये मारले गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार फ्रीलान्सरना, स्थानिक बातमीदारांना आणि अलीकडे परदेशी पत्रकारांना वाट दाखवणाऱ्या ‘फिक्सर’नाही दिला जातो. रक्कम ५,००० डॉलर, तीही एकदाच. आणि हो, शॉर्क स्वतः चाळिशी ओलांडल्यावर पत्रकारितेत आले, त्याआधी वेगळ्याच नोकऱ्या करत होते. हे लेकीला जरूर सांगा.

पैशांपेक्षा तुमची दुसरी काळजी मला जास्त खरी वाटते, जी तुम्ही पत्रात एका ओळीत उरकली आहे: ‘कुणी काही केलं तर?’ मोठ्या दैनिकाच्या बातमीदारामागे पगार, वकील, संपादकाचा फोन असतो. फ्रीलान्सरमागे यातलं काही नसतं. स्थानिक बातमीदार तर ज्यांच्याविरुद्ध लिहितो त्यांच्याच गावात राहतो. राजापूरचे शशिकांत वारिशे बारसू रिफायनरीवर लिहीत होते, फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना गाडीखाली चिरडलं. छत्तीसगडमधल्या बस्तरचे मुकेश चंद्राकर फ्रीलान्सर होते. रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी दाखवला होता, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा मृतदेह एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये सापडला. दोघांच्याही बातम्या युद्धाच्या नव्हत्या. जमीन आणि रस्ता, म्हणजे नवी मुंबईतही रोज जे विषय निघतात तेच.

महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण त्यातली पत्रकाराची व्याख्या माध्यमसंस्थेत कायम किंवा कंत्राटी काम करणाऱ्यांची आहे. हातात कुणाचंच नेमणुकीचं किंवा कामाचं पत्र नसलेल्या मुलीला आपण पत्रकार आहोत हे आधी सिद्ध करावं लागेल. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं नोकरीच, एखाद्या मराठी दैनिकाच्या ठाणे-नवी मुंबई आवृत्तीत. पगार फार नसेल. पण बातमी दोन ठिकाणांहून तपासून घेणं, समोरच्याची बाजू मागणं, कागद जपून ठेवणं हे तिथे अंगवळणी पडतं. बदनामीची नोटीस आली की याच सवयी कामाला येतात. पुढे फ्रीलान्स केलं तरी प्रत्येक कामाची ऑर्डर लेखी घ्यायची, निदान ईमेलवर.

विषय तिला बाहेर शोधावा लागणार नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाचं सिडको भवन, सरकारी कार्यालयांचं कोकण भवन, महापालिकेचं मुख्यालय, तिन्ही बेलापुरात. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात द्यायचे साडेबारा टक्क्यांचे भूखंड कुणाला मिळाले, कुणाचे अडकले. कुटुंब वाढलं म्हणून प्रकल्पग्रस्तांनी परवानगीविना, ‘गरजेपोटी’ बांधलेल्या घरांचं पुढे काय होणार, हे तुमच्या ओटीवर वर्षानुवर्षं बोललं जातंय. दक्षिण मुंबईतून येणाऱ्या बातमीदाराला ‘गरजेपोटी’ म्हणजे काय इथपासून समजवावं लागतं. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. पहिला अर्ज तिने परीक्षा संपल्यावर लगेच टाकावा. फक्त एक पथ्य: स्वतःच्या घरच्या भूखंडावर तिने बातमी करू नये.

अशा कामाची दखल घेतली जात नाही असं मुळीच नाही. बस्तरमधून लिहिणाऱ्या मालिनी सुब्रमण्यम यांना २०१६ मध्ये आणि फ्रीलान्सर नेहा दीक्षित यांना २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स’ने आंतरराष्ट्रीय पुरस्कार दिला. पण मालिनीताईंना त्याच वर्षी धमक्यांमुळे जगदलपूरचं घर सोडावं लागलं होतं. दोन्ही गोष्टी तिने एकत्र वाचाव्यात.

आता बँकेचं. सरकारी बँकांतल्या अधिकारी भरतीसाठीच्या आयबीपीएसच्या पीओ परीक्षेला सर्वसाधारण वयोमर्यादा ३० आहे आणि तुमची लेक २१ वर्षांची. तीन वर्षं वार्ताहर म्हणून काढली तरी परीक्षेची वाट बंद होत नाही. मात्र तयारी आणि नोकरी एकाच वेळी करायला तिला लावू नका, धड काहीच होणार नाही. तिच्या छापून आलेल्या दोन बातम्या असतील तर पुढच्या वेळी तिलाच घेऊन या. कॉलेजच्या अंकातल्या असल्या तरी चालतील.