यॉर्कशायर पुडिंग बसत असेल, तर आधी साचा बदला

इंग्लंडमधील लीड्सला राहायला आल्यापासून आपण तीन वेळा यॉर्कशायर पुडिंग (अंडी, मैदा व दुधाचे, ओव्हनमध्ये फुलवून ग्रेव्हीबरोबर खायचे बिनगोडाचे पुडिंग) केले आणि तिन्ही वेळा ते बसके व तळाशी तेलकट झाले, तेव्हा मैदा वाढवावा की अंडी, असा आपला प्रश्न आहे. साचा सिलिकॉनचा असल्याचे आपण ओघात लिहून गेला आहात. माझ्या मते दोष तिथेच आहे. कृतीला तूर्त हात लावू नये.

या पुडिंगात खायचा सोडा किंवा यीस्ट नसते. पातळ पीठ कडकडीत तापलेल्या तेलात पडताच त्याची कड धरते, आतल्या पाण्याची वाफ होते आणि अंडे व मैदा यांच्या चिवट पडद्यात ती कोंडली गेल्यामुळे पुडिंग वर चढते. इंग्रज पाककृती-लेखिका हॅना ग्लास यांच्या १७४७ सालच्या कृतीतही मांसाची चरबी आधी उकळवून मगच पीठ ओतायला सांगितले आहे. सिलिकॉनमधून उष्णता सावकाश जाते, त्यामुळे पिठाला तो पहिला चटका बसतच नाही. काचेच्या भांड्याचेही तेच, शिवाय गरम काचेत गार पीठ ओतल्यास ती तडकण्याची भीती.

जाड पोलादी पत्र्याचा, गडद रंगाचा साचा घ्यावा. चार उथळ खणांच्या साच्यात पसरट, वाटीसारखी पुडिंगे होतात, तर बारा खोल खणांच्या मफिन साच्यात उंच. चार इंचांहून कमी उंचीचे ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे, असे रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या ब्रिटनमधील रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेने २००८ साली जाहीर केले होते. मला मात्र उंचीपेक्षा ग्रेव्ही धरून ठेवणारा खळगा महत्त्वाचा वाटतो. बिडाचे भांडेही उत्तम, फक्त ते तापायला वेळ लागतो. नॉनस्टिक साचा असल्यास तो किती तापमान सोसतो, हे आधी पाहावे. माझा पत्र्याचा साचा मी साबणाने घासत नाही, नुसता पुसून ठेवतो. तो आता घरच्या बिडाच्या तव्यासारखा काळाभोर झाला आहे आणि त्याला काही चिकटत नाही.

इथली रीत गोमांसाच्या चरबीची आहे. आमच्या घरी ती चालत नाही, म्हणून मी सूर्यफुलाचे तेल किंवा नीट कढवलेले साजूक तूप वापरतो. लोणी मात्र करपते.

एकाच वाटीने फोडलेली अंडी, मैदा आणि दूध समसमान मोजून घ्यावे, चिमूटभर मीठ घालून गुठळ्या मोडाव्यात आणि पीठ अर्धा तास झाकून ठेवावे. ते घावनाच्या पिठाहून दाट, पण डोशाच्या पिठाहून पातळ असावे. लहान खणांत एकेक चमचा तेल घालून साचा २२० अंशांवर (पंख्याच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर) पंधरा मिनिटे तापवावा. मग पिठाचा एक थेंब सोडून पाहावा. भज्याच्या तेलासारखा तो चर्र करून लगेच वर फुलला, तरच पुढे जावे. पीठ चोचीच्या भांड्यातून भराभर, खण अर्ध्याहून कमी भरतील इतकेच ओतावे, आणि वीस मिनिटे ओव्हनचे दार अजिबात उघडू नये. रंग सोनेरी दिसला तरी बाहेर काढण्याची घाई नको, कारण कडा गडद तपकिरी झाल्या नसतील तर बाहेरची हवा लागताच पुडिंग बसते.

पत्र्याच्या साच्यातही तीच गत झाली, तर ओव्हनमध्ये ठेवायचा स्वस्तातला थर्मामीटर आणून खरे तापमान तपासावे. आमच्या जुन्या ओव्हनची तबकडी २२० दाखवी, तेव्हा आत १९०च असत.