‘हो’ म्हणजे समजले, असे नव्हे

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी नुकताच पर्यवेक्षक झालो आहे. बहुतेक कामगार शहराच्या पूर्व भागातले, तेलुगू भाषक आणि माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. सूचना दिली की ते ‘हो साहेब’ म्हणतात. पण माल उतरल्यावर किनारीचा रंग भलताच निघतो किंवा लांबी कमी भरते. मी रागावलो की ते गप्प होतात. संवादात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के असतो, असे व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात सांगितले होते, म्हणून मी आवाज आणि देहबोली यांवर मेहनत घेतली; पण फरक पडला नाही. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी त्या ७ टक्क्यांविषयी, कारण त्यांनी तुमचे लक्ष भलतीकडे वळवले आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील दोन प्रयोगांतून शब्द ७, स्वर ३८ आणि चेहरा ५५ टक्के हे आकडे निघाले. परंतु त्या प्रयोगांत सुटे शब्द वापरले होते आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड, एवढेच ओळखायचे होते. किनार निळी हवी की हिरवी, हे कोणत्याही देहबोलीतून कळत नाही. तुमच्या कामात शब्दच महत्त्वाचे आहेत, आणि ते तुम्ही चालू मागांच्या खडखडाटात, ऐकणाऱ्याच्या मातृभाषेत नसलेल्या वाक्यांत सांगत आहात.

आपण सांगितले म्हणजे समोरच्याला कळले, असे बोलणाऱ्याला नेहमीच वाटते. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेल्या प्रयोगात एकाने परिचित गाण्याचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा आणि दुसऱ्याने गाणे ओळखायचे होते. निम्मी गाणी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण चाल चालू असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. ऑर्डरचा कागद तुम्ही वाचलेला असतो, कामगाराने नाही.

तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द मला ‘हो’ हा वाटतो. ‘समजले का?’ या प्रश्नाला, मुलाच्या वयाच्या वरिष्ठापुढे आणि चार सहकाऱ्यांदेखत, वयस्कर माणूस दुसरे कोणते उत्तर देणार? त्याचा ‘हो’ हा मान राखणारा असतो, त्यातून आकलनाची खात्री मिळत नाही. म्हणून तो प्रश्नच सोडून द्या. माग सुरू होण्यापूर्वी, आवाजापासून दूर, हातात नमुना देऊन ‘मामा, मी नीट सांगितले की नाही ते मला पाहायचे आहे, पहिला टॉवेल कसा काढणार?’ असे विचारा. यात परीक्षा तुमच्या सांगण्याची होते, त्यांच्या समजेची नाही. मराठी आणि तेलुगू दोन्ही सहज बोलणारा सहकारी सोबत असेल तर उत्तमच, आणि त्यांना तेलुगूत उत्तर देण्याची मुभा असावी.

हीच रीत उलट दिशेनेही हवी. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये ‘सक्रिय श्रवणा’विषयी लिहिले, त्याचा गाभा असा की समोरच्याचे म्हणणे आणि त्यामागची भावना आपण आपल्या शब्दांत मांडावी आणि त्याला ती दुरुस्त करू द्यावी. अनेक वर्गांत हे मान डोलावण्यापुरते शिकवले जाते, ते मला चुकीचे वाटते. ‘म्हणजे सूत मध्येच बदलले, म्हणून रंग चुकला, असेच ना?’ असे तुम्ही विचारलेत, तर खरे कारण पुढे येण्याची शक्यता वाढते.

राग आला तर ‘तुमचे लक्षच नसते’ असे म्हणू नका. ‘या गठ्ठ्यातील टॉवेल आखूड आहेत, माल परत येईल याची मला काळजी वाटते’ असे, दिसते तेवढेच आणि स्वतःकडून सांगा.

एक गोष्ट मात्र तुमच्या बोलण्याने सुटणार नाही. मजुरी नगावर असेल आणि बिघडलेल्या मालाची भरपाई मजुरीतून कापली जात असेल, तर ‘मला समजले नाही’ असे म्हणणे कामगाराला धोक्याचे वाटेल, आणि माग थांबवून विचारायला आला तर तेवढा वेळही त्याच्याच कमाईतून जाईल. सूचना विचारून घेण्यात गेलेल्या वेळेची मजुरी कापली जाणार नाही आणि चुकीच्या सूचनेने बिघडलेला माल कामगाराच्या माथी मारला जाणार नाही, एवढे मालकांकडून कबूल करून घ्या आणि ते कामगारांना त्यांच्या भाषेत, मालकांच्या समक्ष सांगा.