टायरमध्ये बॅलन्सिंग बीड्स टाकले तर मोटरसायकलची थरथर जाते का?

तुम्ही विचारलंय की पुढचा टायर नवीन टाकल्यापासून ताशी 80 च्या आसपास हँडल थरथरतं, मग रिमला वजनं चिकटवण्याऐवजी टायरच्या आत बॅलन्सिंग बीड्स टाकले तर चालेल का. माझं उत्तर असं आहे की बीड्स काम करतात, पण एका ठराविक स्पीडच्या वरच करतात, आणि तुमचा त्रास नेमका त्या सीमेवरचा आहे, म्हणून आधी वजनं लावून बॅलन्स करून घ्या. का ते सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत लोक दोनच टोकांना सापडतात, एक म्हणतो जबरदस्त वस्तू आहे, दुसरा म्हणतो निव्वळ थोतांड, आणि गंमत म्हणजे दोघांचाही अनुभव खरा असतो.

मी बरीच वर्षं टायर स्वतःच बदलतो आणि बीड्सही वापरलेत, आवडीने वापरलेत. बीड्स म्हणजे काचेचे किंवा सिरॅमिकचे गुळगुळीत गोल दाणे, व्हॉल्व्हच्या नळीतून आत जातील इतके बारीक. डायना बीड्स या ब्रँडचे दाणे सिरॅमिकचे असतात, काउंटरॅक्ट या ब्रँडचे काचेचे. मोटरसायकलला साधारण पुढच्या टायरमध्ये 1 औंस म्हणजे 28 ग्रॅम आणि मागच्यात 2 औंस टाकतात. टायरमध्ये ते सुटेच असतात, बाइक हाताने ढकलत नेली की चाकातून सर्रर्र असा आवाज येतो, आणि बाइक थोडी पळायला लागली की बंद होतो, कारण चालण्याच्या स्पीडच्या थोडं वर गेलं की दाणे टायरच्या आतल्या भिंतीला दाबून बसतात.

आता 10-20 ग्रॅमचा एवढा बाऊ कशाला असं वाटत असेल तर जरा हिशोब बघा. 17 इंची रिमवर एका बाजूला 10 ग्रॅम जास्त असेल तर ताशी 100 ला ते 10 ग्रॅम चाकाला जवळजवळ 2 किलोच्या जोराने बाहेर ओढतं, आणि चाक सेकंदाला साधारण 15 फेरे मारत असतं, म्हणजे ॲक्सलला, चाकाच्या मधल्या दांड्याला, सेकंदाला 15 वेळा वर-खाली असा झटका. शिवाय हा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो, ताशी 50 ला तो एक चतुर्थांशच असतो, म्हणून गावात फिरताना काहीच कळत नाही आणि हायवेला लागलं की हात बधिर होतात.

आता मुख्य मुद्दा, आणि बीड्सचं सगळं गणित इथेच आहे. बहुतेकांना वाटतं की दाणे आपोआप हलक्या बाजूला जातात. कशाला जातील? दाण्यांना हलकी बाजू कुठली हे कळायला काही मार्ग नाही, त्यांना फक्त ॲक्सल कसा हलतोय तेवढंच जाणवतं. एका दोरीला छोटं वजन बांधून हातात लटकवा आणि हात हळू डावीकडे-उजवीकडे न्या, वजन हाताबरोबर जाईल. तोच हात पटपट हलवा, वजन उलट्या बाजूला जायला लागेल, हात डावीकडे असेल तेव्हा ते उजवीकडे. चाकाचं आणि सस्पेन्शनचं अगदी तेच होतं. कमी स्पीडला जड बाजू ज्या दिशेला असते त्या दिशेला ॲक्सल सरकतो, आणि दाणेही तिकडेच म्हणजे जड बाजूलाच जातात, थरथर वाढते. एका ठराविक स्पीडच्या वर मात्र हे उलटतं, जड बाजू वर असते तेव्हा ॲक्सल खाली गेलेला असतो, आणि मग दाणे हलक्या बाजूला सरकतात आणि चाक शांत होतं.

हे टायरपुरतंच आहे असं नाही. वरून कपडे टाकायच्या वॉशिंग मशीनच्या टबाला वरच्या काठाशी एक बंद कडं असतं, त्यात पाणी भरलेलं असतं, ते स्पिनच्या वेळी हेच काम करतं, आणि म्हणूनच स्पिन सुरू होताना मशीन काही क्षण धडधडतं आणि स्पीड धरला की शांत होतं. जास्त स्पीडच्या सीडी ड्राइव्हमध्येही डिस्कच्या खाली छोट्या गोळ्या याच कारणासाठी टाकायचे. तेव्हा तत्त्व पक्कं आहे, त्यात शंका घेण्यासारखं काही नाही. प्रश्न एवढाच की मोटरसायकलच्या चाकात तो उलटण्याचा स्पीड कुठला.

सस्पेन्शन आणि टायरच्या रबराच्या मधे चाक साधारण सेकंदाला 10 ते 15 वेळा उसळू शकतं, ही त्याची स्वतःची चाल आहे म्हणा. 17 इंची रिमच्या पुढच्या टायरचा घेर 1.9 मीटरच्या आसपास असतो. म्हणजे सेकंदाला 10 फेरे व्हायला ताशी 68-70 लागतात आणि 15 फेरे व्हायला ताशी 100 च्या थोडं वर. म्हणजे बाइक, टायर, हवा, फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) यावर अवलंबून 70 ते 100 च्या मधे कुठेतरी ती सीमा येते. त्याच्या बऱ्याच वर एका लयीत बाइक चालवणाऱ्याला बीड्स आवडतात, 60-80 ला चालवणारा वैतागतो. आणि तुमचे 80 बघा कुठे पडतात! त्या पट्ट्यात दाणे कुठे बसतील याचा भरवसाच नाही, कधी बरं वाटेल, कधी आधीपेक्षा वाईट.

अजून एक भानगड आहे. वॉशिंग मशीनचा टब सगळ्या बाजूंना मोकळा लटकलेला असतो, मोटरसायकलचं चाक तसं नसतं, ते फोर्कमधून वर-खाली मोकळेपणाने जातं पण पुढे-मागे फोर्क बऱ्यापैकी ताठ असतो. म्हणजे दाण्यांना वर-खालीचा संदेश बरोबर मिळाला तरी पुढे-मागेचा उलटा मिळू शकतो. त्यात ताशी 100 ला दाणे भिंतीवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 260 पट जोराने दाबले गेलेले असतात, इतक्या दाबाखाली नुसत्या थरथरीने त्यांनी सरकायचं तरी कसं असं कुणी विचारतं तेव्हा तो प्रश्न रास्त आहे. त्यांना हलायला वाव मिळतो तो टायर रस्त्याला टेकतो त्या चपट्या भागात, तिथे टायरची वाट क्षणभर सरळ होते, दाब सुटतो आणि दाणे सैल होतात. पण तीच गोष्ट खड्डा किंवा सांधा आला की त्यांना विस्कटूनही टाकते, मग परत बसायला थोडं अंतर जावं लागतं. म्हणून खराब रस्त्यावर बीड्सकडून एकसारखा गुण मिळत नाही.

इंटरनेटवर ड्रिलला बाटली लावून फिरवायचे व्हिडिओ असतात, त्यात दाणे बरोबर जागा घेतात, ते खोटं नाही, पण बाटली हलायला मोकळी असते आणि वेग त्या सीमेच्या खूप वर असतो. उलट कुणी चाक सेंटर स्टँडवर फिरवून किंवा बॅलन्सिंग मशीनवर चढवून म्हणतो की बघा काही होत नाही, तर तिथे ॲक्सल घट्ट धरलेला आहे, तो हललाच नाही तर दाण्यांना काय कळणार. मशीन तर बीड्स आत असताना दर वेळी वेगळा आकडा दाखवतं, टायरवाला तुमच्याकडे संशयाने बघायला लागतो. म्हणून मशीनवर बॅलन्स करायचं असेल तर बीड्स टाकायच्या आधी करा, नंतर नाही.

टाकायचेच असतील तर थोडं व्यवहाराचं बोलतो. टायर बसवताना आत टाकणं सगळ्यात सोपं, नाहीतर व्हॉल्व्हची पिन काढून नळीतून थोडे थोडे सोडायचे, बाटली हलक्या हाताने टिचक्या मारत राहायची. आत ओल नको, टायर बसवताना लावलेलं साबणाचं पाणी पूर्ण सुकलेलं हवं, ओले झाले तर दाण्यांचा गोळा होतो आणि तो एकाच जागी चिकटून बसतो, म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने टायरमध्ये 28 ग्रॅमचा असमतोल घातला. याच कारणाने पंक्चर सीलंट (भोक बुजवायला टायरमध्ये टाकतात ते द्रव) आणि बीड्स एकत्र कधीच नाही, दोघांपैकी एक काय ते ठरवा. हवा चेक करताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा म्हणजे दाणे तळाशी राहतात, व्हॉल्व्ह खाली असताना पिन दाबली तर एखादा दाणा पिनेत अडकतो आणि हवा हळूहळू जात राहते, सकाळी चाक बसलेलं. जाळीवाली पिन मिळते, ती लावलेली बरी. आणि पंक्चरवाल्याला टायर उघडायच्या आधीच सांगा, नाहीतर टामी (टायर उचकटायची सळई) लावली की दाणे घरंगळत सगळ्या जमिनीवर. एअरगनचे प्लास्टिकचे छर्रे स्वस्त म्हणून टाकतात त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की नका टाकू, ते घासून घासून त्यांचा भुगा होतो, आणि लोखंडी छर्ऱ्यांना गंज चढतो.

बीड्स मला खरोखर योग्य वाटतात ते लांबच्या टूरिंगला, जिथे बाइक तासन् तास 100 च्या वर एका स्पीडला असते, आणि मोठ्या नक्षीच्या टायरला, जो वाकडातिकडा झिजतो आणि ज्याचं आज लावलेलं वजन काही महिन्यांनी चुकीच्या जागी असतं. तिथेही मी आधी वजनं लावतो आणि बीड्स वरून, झिजेमुळे पुढे जो फरक पडेल तेवढा त्यांनी सांभाळावा म्हणून.

तुमच्या बाबतीत नवीन टायरनंतर त्रास सुरू झालाय, तेव्हा आधी साधी गोष्ट बघा, टायरच्या कडेला रिमला लागून एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर आहे का. एका जागी आत बुडलेली दिसली तर टायर नीट बसलेलाच नाही, हवा काढून, कडेला साबणाचं पाणी लावून परत बसवा, त्याला कुठलंही बॅलन्सिंग औषध नाही. मग टायरवर रंगाचा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हशी आलाय का बघा, तो टायरची हलकी बाजू दाखवतो. त्यानंतर चाक काढून सळईवर दोन स्टँडच्या मधे मोकळं ठेवा, हळू फिरवून सोडा, जड बाजू खाली येऊन थांबेल, तिच्या बरोबर समोर वरच्या बाजूला 5-5 ग्रॅमच्या पट्ट्या टेपने चिकटवत जा, चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबायला लागलं की रिम स्पिरिटने पुसून वजनं पक्की करा. मोटरसायकलचा टायर अरुंद असतो, त्याला एवढं बहुतेक वेळा पुरतं, आणि असं लावलेलं वजन 20 ला असो की 120 ला, जागेवरच असतं.

हे करूनही थरथर राहिली तर स्टँडला एक काडी बांधून रिमला टेकेल न टेकेल अशी धरा आणि चाक फिरवा, रिम 2 मिलिमीटरपेक्षा जास्त आउट असेल, म्हणजे फिरताना तेवढी हलत असेल, तर स्पोक किंवा रिमचं काम आहे. स्पीड कमी करताना 60-70 च्या आसपास हँडल डावी-उजवीकडे फडफडत असेल तर बॅलन्सपेक्षा स्टिअरिंगच्या कोनसेटवर (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) किंवा टायरच्या झिजेवर संशय घ्या, पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मधे खाच लागल्यासारखं अडतंय का ते हाताला लगेच कळतं, फक्त चालत्या बाइकवर हात सोडून बघायला जाऊ नका. आणि 80 ला थरथर येऊन 110 ला जवळजवळ जात असेल तर ती बॅलन्सचीच आहे असं समजून (जोर स्पीडबरोबर वाढतो खरा, पण चाकाच्या स्वतःच्या चालीशी फेरे जुळतात तिथेच थरथर सगळ्यात जास्त जाणवते) वजनं परत तपासा, 5 ग्रॅमचा फरकसुद्धा पुढच्या चाकाला जाणवतो.