कम्प्लीट बॉक्सर कुणाला म्हणायचं, आणि माइक टायसन त्यात बसतो का?

प्रश्न असा होता की पॉवर, स्पीड, डिफेन्स, स्टॅमिना यातलं नक्की काय असलं की बॉक्सर कम्प्लीट म्हणायचा, आणि टायसन त्यात बसतो का. टायसनचं शेवटी सांगतो, चिडू नका.

प्रत्येक गोष्टीला दहापैकी मार्क देऊन बेरीज करायला बसलात की गाडी तिथेच घसरते. माझ्या मते एकच गोष्ट बघायची. लांबून, मधल्या अंतरावरून आणि अगदी छातीला छाती भिडल्यावर, तिन्ही ठिकाणी त्याला लढता येतं का, आणि एका अंतरावरून दुसऱ्यावर जाताना तो मार खातो का. बहुतेक चांगले बॉक्सर मार खातात ते या ये-जा करण्यातच.

मी स्वतः काही वर्षं अमॅच्युअर खेळलोय. हात लांब, जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) बरा, त्यामुळे लांबून भल्याभल्यांना त्रास द्यायचो आणि त्याचा माजही होता थोडा. एकदा स्पारिंगला माझ्यापेक्षा वीतभर बुटका मुलगा आला. पहिलं मिनिट माझंच होतं. मग त्याने माझा एक जॅब सरळ कपाळावर झेलला आणि माझा हात मागे यायच्या आत त्याचं डोकं माझ्या छातीवर. तिथे कोपरं कुठे ठेवायची हेच मला येत नव्हतं, बरगड्यांवर धडाधड पडायला लागले आणि मी आपला मिठी मारून राऊंड संपायची वाट बघतोय. कोच बाहेरून ओरडत होते "पाय, पाय!" आणि माझं लक्ष हातांकडे. जॅब टाकून मी तिथेच खांबासारखा उभा राहायचो, अर्धं पाऊल बाजूला सरकलो असतो तर तो माझ्या समोरच सापडला नसता.

म्हणून पाय आधी. आत्ताच्या काळात बघायचं तर युक्रेनचा हेवीवेट ओलेक्झांडर उसिक बघा. मे २०२४ ला रियाधमध्ये ब्रिटनच्या टायसन फ्युरीशी फाइट, समोरचा सहा फूट नऊ इंच, वजनानेही बराच जड, आणि मधल्या राऊंड्समध्ये फ्युरीचे अपरकट, म्हणजे खालून वर हनुवटीकडे येणारे पंच, असे लागत होते की मला वाटलं संपलं आता. पण उसिकने पायांचं काम थांबवलं नाही, आठव्यापासून फाइट परत फिरवली आणि नवव्यात फ्युरी दोऱ्यांवर लटकलाय, रेफरी काउंट देतोय! स्प्लिट डिसिजन झाला, म्हणजे तीनपैकी दोनच जज त्याच्या बाजूने, पण जिंकला उसिकच. सुरुवातीचा प्लॅन अंगावर उलटल्यावर माणूस काय करतो, ते हायलाइट्समध्ये दिसत नाही, पूर्ण फाइट बघावी लागते.

अमेरिकेच्या टेरेन्स क्रॉफर्डची गंमत वेगळी. तो ऑर्थोडॉक्स (डावा पाय पुढे) आणि साऊथपॉ (उजवा पाय पुढे) दोन्हीकडून तितकाच चांगला. असा स्टान्स, म्हणजे उभं राहायची पद्धत, बदलणारे पुष्कळ आहेत, पण बऱ्याच जणांचा तो निव्वळ शो असतो, बदलताना पाय एका रेषेत येतात आणि तेवढ्यात धक्का बसला तरी खाली. २०२३ ला एरल स्पेन्सविरुद्ध त्याने दुसऱ्या राऊंडला एकदा पाडलं, सातव्यात दोनदा, नवव्यात रेफरीने थांबवली. स्पेन्स काही साधा माणूस नव्हे, तोही तेव्हा अपराजित चॅम्पियन.

पनामाच्या रॉबर्टो दुरानला लोक नुसता मारामारी करणारा समजतात, ते चूक. आत शिरल्यावर डोकं कुठे टेकवायचं, फोरआर्मने समोरच्याला कसं वळवायचं, ही कला त्याच्याकडून शिकावी. फ्लॉइड मेवेदरही जवळून लोकांना वाटतो त्यापेक्षा फार चांगला, फक्त त्याला तिथे राहायची हौस नव्हती. चिन (तोंडावर मार सोसायची ताकद) आणि स्टॅमिना लागतंच, त्यावर वेगळं काय बोलणार.

पण एकच नाव घ्या म्हणाल तर जुना अमेरिकन चॅम्पियन शुगर रे रॉबिन्सन. जेक लामोटासारख्या अंगावर येणाऱ्या माणसाशी सहा वेळा खेळला, पाच जिंकला. आणि १ मे १९५७, शिकागो, जीन फुलमरविरुद्धची फाइट बघाच. जानेवारीत याच फुलमरने त्याला हरवलेलं. रॉबिन्सनला ३६ पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी. पाचव्या राऊंडला तो मागे सरकतोय, आणि मागे सरकता सरकताच डावा हुक (बाजूने वळून येणारा पंच), फुलमर आडवा. मागे जाताना पंचात जोर येत नाही असं सगळ्यांना शिकवतात, कारण वजन उलट दिशेला असतं. कधीतरी बॅगवर करून बघा, दांडपट्टा फिरवल्यासारखा हात फिरतो नुसता. त्यासाठी मागचा पाय नेमक्या क्षणी रोवावा लागतो आणि कंबर फिरावी लागते. डिफेन्स आणि अटॅक एकाच हालचालीत, ते हे.

आता टायसन. फॉर्मात असताना त्याची डोक्याची हालचाल बघा, डिफेन्स कच्चा होता असं कुणी म्हणू नये, आणि मधल्या अंतरावर हेवीवेटमध्ये त्याच्याइतका धोकादायक माणूस मी तरी बघितलेला नाही. पण ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसने लांब जॅबने त्याला बाहेर रोखलं आणि आत आला की मिठीत घेतलं. आठव्यात टायसनने त्याला पाडलं होतं, तरी दहाव्यात संपला टायसनच. टायसनच्या कॉर्नरची, म्हणजे रिंगबाहेरच्या त्याच्या माणसांची, तयारी इतकी की डोळ्याची सूज दाबायचं इस्त्रीसारखं साधन नाही म्हणून रबरी ग्लोव्हमध्ये गार पाणी भरून डोळ्यावर धरलेलं. त्या रात्री ट्रेनिंग कमी पडलं हे मान्य, पण लांबून जॅब खाताना दुसरा काही मार्ग शोधलाय असं दिसत नाही, तेच एक दार ठोकत राहिला. म्हणून माझ्या यादीत भयंकर म्हणून तो पहिला, कम्प्लीट म्हणून पहिल्या दहातही नाही.